सिकंदराबाद पोस्टिंग : लेक घरी जन्मली त्याची गोष्ट



दोनेक महिन्यांपूर्वी आमच्या जुन्या वर्कशॉपमधल्या एका पोराचा फोन आला. आता तो नाईक झालाय, पोस्टिंग राजस्थानात. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, "सर, तुमची मुलगी घरीच झाली होती ना? माझी बायकोही म्हणते घरीच करू. दवाखान्याची तिला भीती वाटते. तुम्ही सांगा, काय करू?"

मी त्याला चार प्रश्न विचारले. ते शेवटी सांगतो. पण फोन ठेवल्यावर वाटलं, ही गोष्ट एकदा नीट लिहून काढावी. कारण युनिटमध्ये फिरता फिरता ती "हवालदारसाहेबांनी बायकोची डिलिव्हरी स्वतः केली" इथपर्यंत पोचली आहे. मी काही केलेलं नाही. मी पाणी तापवलं, सौभाग्यवतींची कंबर चोळली आणि गाडी तयार ठेवली. त्यातलं शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं ठरलं.

आधी थोरल्याबद्दल सांगायला हवं. तो जानेवारी २००९ चा. मी तेव्हा लडाखला होतो. बर्फाने रस्ता बंद, चिठ्ठ्या बंद, सॅटेलाइट फोनवर पाळी आली तर आठवड्यातून दोन मिनिटं. मुलगा झाल्याचं मला तीन दिवसांनी कळलं. लंगरच्या उस्तादाने गुळाचा शिरा केला, पोरांनी खांद्यावर घेतलं, आणि मी रात्री स्लीपिंग बॅगेत तोंड खुपसून रडलो. फौजेतल्या बहुतेक बापांची हीच कथा आहे, त्यात नवीन काही नाही.

नवीन कळलं ते तीन वर्षांनी. एकदा रजेवर असताना तालुक्याच्या गावाला निघालो होतो. ज्या खासगी दवाखान्यात थोरला झाला त्याच्यावरून एसटी गेली आणि ही खिडकीतून तोंड फिरवून बसली. घरी आल्यावर बोलली. कळा सुरू झाल्यापासून मूल होईपर्यंत तिला एकटीला ठेवलं होतं. माझ्या आईला दाराबाहेर बसवलं. ओरडली तर आयाबाईने मांडीवर चापट मारली. टाका घालायची जागा कापली तीही न सांगता. एकीने पोटावर कोपराने दाब दिला. "आणि सगळं झाल्यावर म्हणाल्या, पेढे कधी देणार?" ही म्हणाली. तीन वर्षं तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. बाळ-बाळंतीण सुखरूप होते ना, मग तक्रार कसली, असं तिला वाटलं होतं.

२०१४ साली माझी पोस्टिंग सिकंदराबादला होती. क्वार्टरची वेटिंग लिस्ट लांब, म्हणून अलवालला दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. आमच्या लग्नानंतरचं पहिलं सलग एकत्र राहणं ते. दिवस राहिल्याचं कळलं त्याच रात्री हिने जेवताना सांगितलं, "अहो, या खेपेला मी घरी बाळंत होणार."

मी घास तोंडात तसाच धरून बसलो. ईएमईचा माणूस मी. गाडी बिघडली तर ती वर्कशॉपला आणायची, रस्त्याच्या कडेला इंजिन उघडायचं नाही, हे आमच्या रक्तात भिनलेलं. मी नाही म्हणालो. ती भांडली नाही. म्हणाली, "तुम्ही लडाखला होता तेव्हा मी किती वेळा नको म्हणाले होते? तरी गेलात. का? तर तयारी पुरी होती म्हणून. मग मला तयारी करू द्या. पुरी झाली नाही तर मी स्वतः हॉस्पिटलात जाईन."

यावर मला उत्तर सुचलं नाही.

तयारीची सुरुवात एका मल्याळी नर्सबाईंपासून झाली. कुणाच्या तरी ओळखीतून त्या मिळाल्या. नर्सिंगचं शिक्षण, मग परदेशात अकरा वर्षं सुईणपणाचं काम. परदेशात सुईण म्हणजे पूर्ण शिकलेली, परवाना असलेली व्यक्ती असते. आपल्याकडे नर्सना असं खास प्रशिक्षण देण्याबद्दल केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं २०१८ मध्ये आली. तेव्हा २०१४ मध्ये अशी बाई भेटणं म्हणजे नशीबच. आम्ही त्यांना चेची म्हणायचो.

मला वाटलं होतं, चेची घरच्या बाळंतपणाचे गोडवे गातील. त्यांनी आधी नाही म्हणण्याची यादीच वाचली. रक्तदाब वाढला तर नाही. साखर वाढली तर नाही. जुळं असेल, बाळ आडवं किंवा पायाळू असेल तर नाही. हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेलं तर नाही. सदतीस आठवड्यांच्या आधी कळा आल्या तर नाही. आधीचं सिझेरियन असतं तर आज इथे बसलेच नसते, म्हणाल्या. मग त्यांनी इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाची माहिती दिली. २०११ मध्ये तो छापून आला, सुमारे ६४ हजार बायकांचा. धोका कमी असलेल्या आणि आधी एकदा बाळंत झालेल्या बायकांच्या बाळांना घरी जन्मल्याने जास्त धोका दिसला नाही. पण पहिलटकरणींच्या बाळांना दिसला. आणि घरी ठरवलेल्यांपैकी पहिलटकरणी शंभरात ४५ आणि बाकीच्या शंभरात १२ हॉस्पिटलात हलवाव्या लागल्या. "आणि तिथे सुईण, अँब्युलन्स आणि हॉस्पिटल एकाच साखळीत असतात," चेची म्हणाल्या. "इथे ती साखळी तुम्ही बनवायची."

हे वाक्य मला कळलं. ही माझ्या भाषेतली गोष्ट होती.

मिलिटरी हॉस्पिटलमध्ये हिचं कार्ड होतंच. तपासण्या सगळ्या तिथेच चालल्या. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम मेजर होत्या. त्यांना लपवून काही करायचं नाही हे हिने आधीच ठरवलं होतं. ऐकून मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "माझा सल्ला विचारशील तर हॉस्पिटल. तो बदलणार नाही. पण तू ठरवलंच असशील तर एकही तपासणी चुकवू नकोस, आणि काही झालं तर संकोच करून घरी बसू नकोस. रात्री तीन वाजता आलीस तरी कुणी का आलीस म्हणून विचारणार नाही." रक्तगट आणि फोन नंबर त्यांनी स्वतः कार्डाच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले.

सगळ्यात मोठा विरोध गावाकडून आला. मला वाटलं होतं आई खूश होईल. तिची सहाही बाळंतपणं माण तालुक्यातल्या आमच्या घरात, मधल्या खोलीत झालेली. फोनवर सांगितलं तर पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाली, "आमच्याकडं दुसरं काय व्हतं रं? तुमच्याकडं हाय. आसून न्हाई कशापायी म्हनायचं?"

सहातली आम्ही चौघं जगलो. माझ्या आधीचा एक आठव्या दिवशी गेला. दूध ओढेना, जबडा बसला, अंग लाकडासारखं ताठ. सटवाईने लिहिलंच तेवढं होतं, असं आई सांगायची. पुढे फौजेत फर्स्ट एडच्या क्लासमध्ये धनुर्वाताची लक्षणं शिकवत होते तेव्हा मी वहीत लिहिता लिहिता थांबलो. आमच्या सुईणबाई नाळ विळ्याने कापायच्या आणि वर राख लावायच्या. बाई मायाळू होत्या, हाताला गुण होता, पण विळा उकळायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. भारतातून नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर व्हायला २०१५ साल उजाडलं.

म्हणून जुन्या काळी सगळं घरीच व्हायचं आणि बायका ठणठणीत असायच्या, असं कुणी म्हणालं की मी गप्प बसत नाही. २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणीत शंभरातली ३९ बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ मध्ये ८९. त्याच सुमाराच्या वर्षांत लाखभर बाळंतपणांमागे मरणाऱ्या आयांचा आकडा ३०१ वरून ९७ वर आला. हे सगळं श्रेय एकट्या दवाखान्याचं नसेल, पण त्याचा वाटा मोठा आहे. दुसरी बाजूही आहेच. त्याच पाहणीत तेलंगणात शंभरातली साठ बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसतात. हिची भीती हवेतली नव्हती आणि आईचीही नव्हती. दोघींनी जे भोगलं त्यातून त्या बोलत होत्या.

आता माझा भाग. माझी जुनी मारुती ओम्नी होती. मागची सीट काढून गादी बसवली. छताला वेल्डिंग करून सलाइनची बाटली अडकवायला हूक लावला. नवीन बॅटरी टाकली, टाकी कायम भरलेली ठेवली. घर ते हॉस्पिटल रस्त्याची रेकी केली. संध्याकाळी सव्वीस मिनिटं, पहाटे अकरा. वाटेत मनमाडकडे जाणाऱ्या लाइनचं रेल्वे फाटक लागायचं. मराठवाड्याच्या गाड्या तिथून जाताना एरवी जीव हरखायचा, पण आता ते फाटकच नडणार होतं. फाटक बंद असेल तर वळसा कुठून, तो रस्ता चार वेळा चालवून पाहिला. वळशाने चौदा मिनिटं.

गाडी मी चालवायची नाही, हेही ठरलं. शेजारी आर्मी सर्व्हिस कोअरमधून निवृत्त झालेले तेलुगू ड्रायव्हर होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. अडतिसाव्या आठवड्यापासून ते रात्री चपला दाराशी, किल्ली उशाशी ठेवून झोपायचे. त्यांच्या घरच्या अक्कांनी थोरल्याची जबाबदारी घेतली.

आणि हिने एक मोठा पांढरा कागद आणून त्यावर स्वतःच्या हाताने सगळं लिहिलं. फोन नंबर, रक्तगट, कुणी काय करायचं. शेवटची ओळ अधोरेखित : "चेची निघा म्हणाल्या की निघायचं. वाद नाही. माझाही नाही." तो कागद कपाटाच्या दाराला चिकटवला.

ऑगस्टमधली रात्र होती. जेवणं झाल्यावर कळा सुरू झाल्या. अकराला चेची आल्या, सोबत मदतनीस नर्स. पिशवीतून बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र, ऑक्सिजन, बाळाला श्वास द्यायचा फुगा-मास्क, सलाइन, उकळलेली हत्यारं निघाली. रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन चेचींनी आधीच आमच्या फ्रिजमध्ये ठेवलं होतं. बाहेर पाऊस लागला होता.

त्या चार-पाच तासांबद्दल फार लिहीत नाही, ते हिचे आहेत. एवढंच सांगतो की कुणी ओरडलं नाही. ही स्वयंपाकघर ते पुढची खोली येरझारा घालत होती. मधेच वरण-भात मागितला, चार घास खाल्ला. कळ आली की कपाटाला कपाळ टेकून उभी राहायची आणि मी कंबर दाबायचो. "खाली, अजून खाली, हां," एवढंच बोलणं. चेची दर थोड्या वेळाने ठोके ऐकायच्या आणि कोपऱ्यात जाऊन बसायच्या. नुसतं बसून राहणं हेही काम असतं, हे मी त्या रात्री पाहिलं.

तीन चाळीसला लेक आली. निळसर-जांभळी, ओली, एक क्षण गप्प. चेचींनी पाठ पुसली आणि ती रडली. हिने तिला छातीवर घेतलं. थोरल्याच्या वेळी मला तीन दिवसांनी जे कळलं होतं, ते या खेपेला माझ्या हाताच्या अंतरावर घडलं. चेचींनी हिच्या मांडीत इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने नाळ मी कापली. हात थरथरत होते.

इथे गोष्ट संपली असती तर तुम्हाला सांगायला फार बरं वाटलं असतं.

वार पडेना. दहा मिनिटं झाली, वीस झाली. चेचींनी लघवी काढून पाहिली, बाळाला अंगावर लावलं, पोटावर हात ठेवून वाट पाहिली. सुरुवातीला रक्त बेताचं होतं, मग एकदम लोंढा आला. चेचींचा आवाज चढला नाही. त्यांनी सुई टोचून सलाइन लावलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "निघा."

चार वाजून दहा मिनिटं.

आणि ही म्हणाली, "थोडं थांबूया ना. येईल. आत्ता तर झालंय सगळं."

मी तिच्याकडे पाहिलं. छातीवर लेक, चेहरा पांढरा पडत चाललेला, पण डोळ्यांत एक हट्ट. तिला त्या खोलीतून उठायचं नव्हतं. पुन्हा ते दिवे, ते टेबल, ते अनोळखी हात नको होते. आठ महिने मी तिला शब्द दिला होता की तुझ्या मनाविरुद्ध काही होणार नाही. आता काय करायचं? मला काही बोलता येईना. मी कपाटावरच्या कागदाकडे बोट दाखवलं, बस.

तिने तो वाचला. स्वतःचंच अक्षर. मग लेकीला माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "उचला."

अण्णांनी गाडी दारात लावलेलीच होती. लेक माझ्या शर्टाच्या आत, उघड्या छातीला. चेची मागे गादीवर गुडघ्यांवर बसून हिचं पोट दाबून धरलेल्या. बाटली हुकाला. फाटक बंद होतं. अण्णांनी वेगही कमी केला नाही, सरळ वळशाच्या रस्त्याला लागले. नर्सने मेजर मॅडमना फोन लावून रक्तगट सांगितला. हिचे डोळे मिटू लागले की चेची मल्याळीत काहीतरी बोलायच्या आणि ही पुन्हा उघडायची. चार सव्वीसला आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो. स्ट्रेचर बाहेर उभी होती.

पुढचा तास मी कॉरिडॉरमध्ये काढला. भूल देऊन वार हाताने काढावी लागली. रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. आयुष्यात बऱ्याच वेळा स्टँड-टू केलं आहे, पण तसा तास पुन्हा नको. लेक शर्टात झोपली होती, तिला कशाचा पत्ता नव्हता. मनात एकच चाललं होतं : मी नाही म्हणालो होतो, मग हो का म्हणालो?

मॅडम बाहेर आल्या. म्हणाल्या, "ठीक आहे ती. वेळेवर निघालात." थांबून पुढे म्हणाल्या, "इथे असती तर हेच झालं असतं, फक्त ते सोळा मिनिटांचं अंतर नसतं. हे विसरू नकोस." मी विसरलो नाही. म्हणूनच इथे लिहितो आहे.

चौथ्या दिवशी घरी आलो. तोवर आई गावाहून डिंकाचे लाडू, अळीव, खारीक-खोबरं घेऊन पोचली होती. आल्या आल्या सुनेला बोल लावेल म्हणून मी घाबरलो होतो. तिने फक्त सुनेच्या तोंडावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी पाचवी. पाट्यावर सुपारी, हळद-कुंकू मांडलं, आणि सटवाईला लिहायला कोरा कागद नि पेन हवं म्हणाली. घरात कोरा कागद सापडेना. हिने कपाटावरचा तो मोठा कागद काढला, उलटा केला आणि पाट्यावर ठेवला. आईला त्यावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं. शेवटची ओळ ऐकून आई म्हणाली, "ही वळ आमाला कुनी लिवू दिली न्हाई."

जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, ती केली. पार्ट टू ऑर्डरसाठी दाखला नेला तर क्लार्क जन्मस्थळ वाचून म्हणाला, "घर? रास्ता बंद था क्या?" मी म्हणालो, "नहीं साहब, रास्ता खुला था. इसीलिए."

लेक आता शाळेत जाते. तेलंगण राज्य आणि ती एकाच सालातली, म्हणून तिथले मित्र अजून तिचा वाढदिवस विसरत नाहीत. पुन्हा तसं करशील का, असं हिला विचारलं तर म्हणते, "घरी झालं ते बरंच झालं. निघालो तेही बरं झालं." मला विचाराल तर माझं उत्तर एवढं सरळ नाही. त्या रात्रीची येरझार आणि तो कॉरिडॉर, दोन्ही सारखंच आठवतं.

तर त्या पोराला विचारलेले चार प्रश्न. पहिली खेप की दुसरी? सोबत शिकलेली, बाळाला श्वास देऊ शकणारी, औषध जवळ असणारी बाई कोण? रात्री दोन वाजता, पावसात, जिथे ऑपरेशन होईल आणि रक्त मिळेल असं हॉस्पिटल किती मिनिटांवर? आणि त्या दिवशी तू तिथे असशील का?

त्याची उत्तरं : पहिली. गावातली एक आजी. चाळीस किलोमीटर, मधे घाट. रजेचा अर्ज अजून टाकलेला नाही.

मी म्हणालो, "मग घरी नाही. आमच्याकडे परतीचा रस्ता होता म्हणून ती आमची निवड होती. तुझ्याकडे तो नाही, माझ्या आईकडेही नव्हता. पण बायकोची भीती थट्टेवारी नेऊ नकोस. कशाची भीती वाटते ते विचार, आणि ती सांगेल तेव्हा मधे बोलू नकोस. आता सरकारी दवाखान्यांतही बाळंतपणाच्या खोलीत सोबतीला घरची एक बाई असू द्यावी असे नियम आहेत, ते विचार. आधी एकदा तिला घेऊन जाऊन ती खोली दाखव, नर्सची ओळख करून दे. आणि आजच रजेचा अर्ज टाक."

परवा त्याचा मेसेज आला. मुलगा झाला. हॉस्पिटलात सासूबाई शेवटपर्यंत आत सोबत होत्या. हा दाराबाहेर उभा होता, आणि रडण्याचा पहिला आवाज त्याला दारातून ऐकू आला.

एवढं तरी आपल्यापैकी किती जणांना मिळालं?

जय हिंद.